गाळलेलं नाव

ताईने भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं, भाऊजींनी ताट पुढे सरकवलं, भाचीने पाण्याचा ग्लास स्वतःकडे ओढला, आणि तो मात्र मान खाली घालून ताटाच्या काठाकडे बघत बसला होता. "अरे, वाढू ना?" असं ताईने विचारलं तेव्हा त्याने दचकून वर पाहिलं. आई शांतपणे माशाचे काटे काढत होती. प्रार्थना संपली होती. त्याला काही कळेना. अजून त्याचं नाव यायचं होतं. घाईने त्याने वाटी पुढे केली, "हो हो, वाढ की," म्हणाला, आणि पहिला घास तोंडात घालताना त्याला वाटलं, काहीतरी चुकलंय. आपलं चुकलंय की आईचं, तेवढं मात्र सांगता येत नव्हतं.

आईची जेवणाआधीची प्रार्थना काही आटोपशीर नव्हती. ती ताईकडेच राहायची; आठवडाभर ती काय करायची देव जाणे, पण रविवारी, सगळे उपासनेहून परतले आणि तो आपल्या खोलीवरून बस बदलत येऊन पोचला की, ती सगळा हिशेब एकदम मांडायची. आधी अन्नाबद्दल उपकार. मग बाबांची आठवण, "ज्यांना तू तुझ्याजवळ बोलावून घेतलंस" अशी. मग पाळक, पाळकबाई आणि मंडळीतले सगळे आजारी, तेही नावाने कमी आणि दुखण्याने जास्त: गुडघ्यावाल्या बाई, ज्यांची साखर वाढली ते काका, ते नळी लावलेले गृहस्थ. मग ताई, मग भाऊजींची बढती, मग भाचीची परीक्षा, जी वर्षभर कोणत्या ना कोणत्या रूपात चालूच असे. आणि अगदी शेवटी, आवाज थोडा उतरवून, "आणि आमच्या गप्पूला, प्रभू, तू तुझ्या वाटेवर परत आण. त्याचं मन मऊ कर." हे वाक्य आलं की त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसत. वर्षानुवर्षं बसत आले होते. भाची लहान असताना एकदा भर जेवणात म्हणाली होती, "मामाचं मन कडक आहे का?" आणि सगळे हसले होते, तोसुद्धा. हसता हसता त्याला घाम फुटला होता.

गप्पू हे बाबांनी पाडलेलं नाव. तो खूप उशिरा बोलायला लागला. शेजारपाजारच्या बायका आईला डॉक्टर सुचवायच्या आणि बाबा म्हणायचे, "आमचा गप्पू ऐकून घेतोय सगळं. एकदा बोलायला लागला की बघा." बोलायला लागला तेव्हाही फार काही बोलला नाही, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या दाखल्यावरचं भारदस्त नाव कागदावरच राहिलं. छापखान्यात त्याला मास्तर म्हणत, इमारतीतले लोक आडनावाने ओळखत. पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावर विरळ केस असलेल्या माणसाला गप्पू म्हणणारी आता दोनच माणसं उरली होती, आणि त्यातली ताई चिडली की "अहो शहाणे" म्हणायची. देवाकडे मात्र त्याची नोंद गप्पू म्हणूनच असणार, असं त्याच्या मनात कधीतरी गमतीने यायचं. खरं नाव कोणी तिथे कळवलंच नव्हतं.

दुपारभर तो आईकडे चोरून बघत राहिला. तिने नेहमीसारखा खुर्चीत डुलका काढला. उठल्यावर चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, पण असं तर कोणाचंही होतं. त्याला सोडायला ती दारापर्यंत आली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि "बस मिळाली नाही तर परत ये, उभा राहू नकोस उगाच," म्हणाली. सगळं नेहमीचंच. बसमध्ये खिडकीशी बसून तो दुकानांच्या पाट्या वाचत होता आणि एकही वाचत नव्हता. विसरली असेल. वय झालंय. दुसरं काय असणार? पण विसरायचंच होतं तर भाऊजींची बढती विसरायची, ती होऊनही गेली होती. साखर वाढलेले काका विसरायचे. बरोबर तोच कसा गळला?

सोमवारी त्याने लाल बिघडवला. बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर छापायचा लाल, गेली कित्येक वर्षं तोच मिसळत आलेला. छापखान्याच्या मागच्या अंगाला त्याची छोटी खोली होती: जाड काचेची पाटी, शाईचे डबे, पात्या, आणि कोपऱ्यात दिव्यांचं खोकं, ज्यात नमुना आणि छाप शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या उजेडात रंग कसा दिसतो ते बघायचं. हे काम त्याला आवडायचं ते याच कारणाने की त्यात बोलायला लागत नसे. पातीने शाई पसरवायची, बोटाने कागदावर थोपटायची, बघायची, चिमूटभर पिवळी घालायची, परत बघायची. जुळलं की जुळलं. त्याबद्दल कोणाशी वाद होत नाही. आज तो खोक्यासमोर उभा राहिला आणि लाल त्याला लालच दिसला, दोन्हीकडे. मशीनमनने पहिले ताव काढले आणि एक हातात धरून खोलीच्या दारात आला.

"मास्तर, बिस्किटं आहेत की टोमॅटो?"

"का?"

"का म्हणजे? बघा की तुम्हीच."

त्याने पाहिलं. खरंच नारिंगीकडे झुकला होता, आणि तोही बराच. "शाई बदललीय त्यांनी," असं तो पुटपुटला. मशीनमन ताव टेबलावर ठेवून निघून गेला. इतक्या वर्षांत मास्तरांनी कधी शाईवर ढकललं नव्हतं. त्याने शाई पुसून काढली आणि नव्याने सुरुवात केली. रॉकेलच्या वासाने डोकं भणभणलं. पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात आईचं वाक्य म्हणतोय, तिच्याच उतरत्या आवाजात, जसं काही तिने म्हटलं नाही म्हणून ते कोणीतरी म्हणून टाकायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने ताईला फोन लावला. ताई शाळेत शिकवायची आणि सुट्टीतसुद्धा वर्गात उभी असल्यासारखी बोलायची.

"आई हल्ली विसरते का गं?"

"विसरते म्हणजे? गॅस चालू ठेवते, तसं? नाही बाबा. उलट माझ्याच चाव्या तीच शोधून देते. का रे?"

"काही नाही. काल प्रार्थनेत माझं नाव घेतलं नाही तिने."

मग ताई हसली. "घेतलं असेल रे. तुझं नाव शेवटी असतं, तोवर माझं लक्ष भाताकडे लागलेलं असतं. खरं सांगू, मी गेल्या कित्येक रविवारी ऐकलंच नसेल."

"नाही घेतलं. मी ऐकत होतो."

"तू ऐकत होतास?" ताईचा आवाज बदलला. "पण तुला काय फरक पडतो? तू तर मानत नाहीस. त्या वाक्याला तोंड कसं करतोस ते मी समोर बसून बघते ना. सुटलास असं समज."

सुटलास. हा शब्द घेऊन तो यंत्रांच्या खडखडाटात परतला. बरोबर होतं तिचं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दर रविवारी बसमध्ये चढताना जे नकोसं वाटायचं, ते त्या एका वाक्यामुळेच तर. मग आता हलकं का वाटत नव्हतं?

मानत नाहीस, असं ताई म्हणाली तेही पुरतं खरं नव्हतं. आणि खोटंही नव्हतं. घरातल्यांनी त्याच्या न मानण्याची कारणं आपापल्या परीने ठरवून टाकली होती. भाऊजींच्या मते बाबांचं लांबलेलं दुखणं. ताईच्या मते ते जमता जमता मोडलेलं लग्न. पाळक एकदा खास खोलीवर आले होते, चहा घेऊन हळूच म्हणाले, "काही राग आहे का देवावर?" त्यांना तो काय सांगणार? राग असता तर बरं झालं असतं, राग धरायला समोर कोणीतरी लागतं. झालं होतं ते इतकं किरकोळ की सांगायचीही लाज वाटावी. एका साध्या रविवारी, बाबा धडधाकट असताना, लग्नाची बोलणीही चालू नसताना, मंडळी उभी राहून गात होती आणि तोही गीतपुस्तक धरून गात होता. गाता गाता त्याची नजर अक्षरांवर गेली. काळ्या शाईची छपाई, एका बाजूला दाब कमी पडलेला, त्यामुळे प्रत्येक ओळीची डावी बाजू फिकी. त्याने मनात म्हटलं, रोलर नीट बसवलेला नाही. पुढचं कडवं आलं आणि त्याने पाहिलं की त्याचं तोंड गातंय आणि तो दाब मोजतोय. त्यानंतर प्रत्येक रविवारी तसंच होत गेलं. शर्टाचं बटण कधी तुटून पडतं ते कळत नाही, नुसता वारा लागायला लागतो, तसं. मग एका रविवारी त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते डोकं अजून दुखायचं थांबलं नव्हतं.

आणि तरीही लहानपणच्या संध्याकाळी त्याच्या अंगात होत्या. गुडघ्यांत होत्या, असं म्हटलं तर जास्त बरोबर. दोन खोल्यांच्या त्या घरात दिवेलागणीला सगळी जण बाबांच्या खाटेभोवती गुडघे टेकायची. खालचा सिमेंटचा कोबा इतका खडबडीत की उठल्यावर गुडघ्यांवर बारीक बारीक खळगे पडलेले असत, आणि ताई नि तो ते मोजत बसायचे, कोणाला जास्त म्हणून. बाबांची प्रार्थना लांबायची. ते कापडाच्या गिरणीत होते, दिवसभर कानठळ्या बसलेल्या असायच्या, त्यामुळे घरी ते नेहमी जरा मोठ्याने बोलत. देवाशी बोलतानाच काय तो त्यांचा आवाज खाली यायचा. एकदा त्याने न राहवून डोळे उघडले. खाटेच्या चादरीवर टेकलेली आईची बोटं दिसली, ताईच्या मिटलेल्या पापण्या थरथरताना दिसल्या, आणि मग बाबा दिसले. बाबांचे डोळे सताड उघडे होते. तोंडाने ते म्हणत होते, "हे प्रेमळ पित्या, ही तुझी लेकरं," आणि एकेकाकडे बघत होते, सावकाश, जसं कोणी निघण्यापूर्वी खोलीतलं सामान बघून घेतं. त्यांची आणि त्याची नजरानजर झाली. त्याला वाटलं, आता मार बसणार. बाबा थांबलेसुद्धा नाहीत. त्याच्याकडे बघत बघतच त्यांनी त्याचं नाव घेतलं आणि पुढे गेले. त्याबद्दल पुढे कधीही दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. आज यंत्रांच्या धडधडीत उभं राहून त्याला पहिल्यांदाच उमगलं, की आयुष्यात त्याच्यासाठी देवाशी कोणी बोललं नाही असा एकही दिवस गेला नव्हता. बाबा गेले त्या आठवड्यात आईने ते काम उचललं. तो त्यात नव्हता, त्याला ते नको होतं, त्याचा त्याला राग यायचा, पण पायाखाली फरशी असावी तसं ते होतं. फरशीवर कोणी विश्वास ठेवत बसत नाही. चालतो आपण.

बुधवारपर्यंत त्याने कळ काढली. मग डोळ्यांची तक्रार सांगून, जी तशी अगदी खोटी नव्हती, दुपारीच सुटी घेतली आणि थेट ताईच्या घरी गेला. ताई शाळेत, भाऊजी कामावर, भाची कॉलेजात. आईने दार उघडलं आणि त्याला बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

"काही नाही गं. असाच आलो."

"असाच? कामाच्या दिवशी?" तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नाही म्हटल्यावर ती जरा निराशच झाल्यासारखी वाटली. "बस मग. मटार सोलायचेत."

ती मांडीवर पितळी घेऊन खिडकीजवळ बसली, मध्ये शेंगांची पिशवी. तोही समोरच्या स्टुलावर बसून शेंगा फोडायला लागला. दाणे टपटप पितळीत पडायला लागले. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आपण त्या दोन खोल्यांत राहायचो, तिथल्या घरमालकिणीचं नाव काय होतं गं?"

आईने सांगितलं. तिच्या नवऱ्याचंही सांगितलं, आणि त्यांच्या कुत्र्याचं.

"आणि बाबांचा तो गिरणीतला मित्र, घोगऱ्या आवाजाचा?"

तेही सांगितलं. "त्याची मोठी मुलगी नर्स झाली. धाकटीने पळून जाऊन लग्न केलं, पण चांगलं चाललंय तिचं."

"मी कोणत्या साली..."

"गप्पू." आईचा अंगठा शेंगेत थांबला. "माझी परीक्षा घेतोयस का?"

तो ओशाळला. "नाही गं."

"मग आज बुधवार आहे, सकाळी मी गोळी घेतलीय, आणि तुझ्या शर्टाला तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. झालं समाधान?" ती हसली, पण डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. "काय विचारायचंय ते सरळ विचार."

त्याने हातातली शेंग फोडली. ती किडकी निघाली. ती बाजूला ठेवत, मान वर न करता तो म्हणाला, "रविवारी माझं नाव घेतलं नाहीस."

आईला आश्चर्य वाटलं नाही. तिने पदराला हात पुसले, चष्मा काढला, परत लावला. "तुझ्या लक्षात आलं," एवढंच ती म्हणाली.

"विसरलीस?"

"आईला मुलाचं नाव विसरता येतं का रे? मुद्दामच घेतलं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "गेल्या आठवड्यात बायकांची प्रार्थना होती. एक बाई आपल्या सुनेसाठी प्रार्थना करत होत्या. प्रभू, तिला लवकर उठायची बुद्धी दे. प्रभू, तिची जीभ आवर. प्रभू, तिला घरची आवड लाव. आणि सून शेजारीच बसलेली, डोळे मिटून. आम्ही सगळ्या मोठ्याने आमेन म्हणालो. मीसुद्धा. आणि म्हणता म्हणता मला कोणाचा आवाज ऐकू आला सांगू? माझा. मी इतकी वर्षं तुझ्यासाठी प्रार्थना नव्हते करत, बाळा. तुझी तक्रार करत होते. तुला समोर बसवून, तुझ्या ताटावर, तुझ्या भाचीच्या देखत. देवाला सांगत होते, बघ हा कसा वागतोय. आणि तू मान खाली घालून ऐकून घ्यायचास आणि परत पुढच्या रविवारी यायचास." तिचा आवाज किंचित घसरला. "मी असते तर आले नसते."

हेच तर त्याला हवं होतं, कोणीतरी एकदा हे म्हणायला. मनात कितीदा त्याने हे भांडण जिंकलं होतं, आणि आता आई खरोखर हरून समोर बसली होती, मांडीवर मटार घेऊन. पण जिंकल्यासारखं काहीच वाटेना. वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला खिडकीची काच बारीक थरथरत होती.

"मग आता?" तो म्हणाला.

"आता काय?"

"आता माझं काय?"

"तुझं काय म्हणजे? तू मोठा माणूस आहेस. तू आणि तो, तुमचं तुम्ही बघून घ्या. मी मध्ये पडणार नाही." ती परत शेंगांकडे वळली. "सुटलास तू माझ्या कटकटीतून."

दुसऱ्यांदा तोच शब्द. आणि ह्या वेळी त्याला काय झालं कोण जाणे, त्याच्या हातातले दाणे सुटून जमिनीवर घरंगळले. ते गोळा करायच्या निमित्ताने तो खाली वाकला, आणि वाकलेलाच, तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "तक्रार तर तक्रार. घेत जा ना."

आईने हातातली शेंग पितळीत ठेवली.

"तूच घेतेस गं ते नाव. त्याच्यापुढे दुसरं कोणी नाही घेत." ऐकायला ते इतकं पोरकट वाटलं की त्याचे कान गरम झाले. तरीही तो बोलत राहिला. "तू नसलीस की ते बंद होणारच आहे. ते मला माहीत आहे. पण तू असताना नको बंद करूस."

खिळा ठोकणं थांबलं होतं. आईने वाकून त्याच्या दंडाला धरलं आणि वर ओढलं, लहान मुलाला उठवतात तसं. तो स्टुलावर बसला. तिने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या नजरेत दया नव्हती, आनंदही दिसेना. काहीतरी नवीन ऐकल्यासारखी ती बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "घेते. पण वाटेवर आण नि मन मऊ कर, ते नाही म्हणणार मी. ते संपलं. तूच सांग, काय मागू तुझ्यासाठी?"

"तू जाऊ नकोस."

"ते मागून मिळत नाही रे," आई चटकन म्हणाली, जसं दुकानात संपलेल्या वस्तूबद्दल सांगावं. "दुसरं सांग."

दुसरं. तो शोधायला लागला. झोप नीट लागत नव्हती, पण झोपेसाठी गोळ्या असतात. डोळे अधू होत चालले होते, लाल चुकला होता, पण असल्या गोष्टीसाठी देवाला हाक मारायची? एकटेपण? त्याची सवय झाली होती आणि आता कोणी खोलीवर राहायला आलं असतं तर त्याचीच पंचाईत झाली असती. त्या फिक्या छापलेल्या ओळीपूर्वीचा रविवार परत हवा होता का? तोही नक्की सांगता येईना. इतक्या वर्षांत त्याने त्याला काय नको हे पाठ करून ठेवलं होतं. काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर आत हात घालून चाचपडावं तर हाताला काही लागेना. आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती, आणि तेच जास्त अवघड होतं.

"माहीत नाही," शेवटी तो म्हणाला.

"हं," आई म्हणाली. "मग तेच सांगते त्याला."

आणि तिथेच, पितळी मांडीवर तशीच ठेवून, डोळे न मिटता, खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत ती बोलायला लागली. रविवारचा तो उतरता आवाज नव्हता. शेजारणीशी बोलावं तसं ती बोलली. "प्रभू, गप्पू आलाय. कामाच्या दिवशी आलाय. त्याला काय हवंय ते त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. मी बरीच वर्षं तुला भलतंच सांगत आले."

ती थांबली. त्याने मान खाली घातली नव्हती हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. दात एकमेकांवर बसले नव्हते. पण जीव थाऱ्यावर होता असंही नाही. उठावं, पाणी प्यावं, काहीतरी बोलून हे संपवावं असं त्याला झालं होतं. प्रार्थना झाली असेल, असं समजून तो स्टुलावरून अर्धवट उठला. आईने त्याच्याकडे न बघता हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून बोलतेय मी."

तो परत बसला. तिचे ओठ हलत नव्हते. शेंगांचा ओला हिरवा वास तिच्या बोटांना होता आणि तो त्याच्या मनगटाला लागला. ती मनातल्या मनात त्याच्याबद्दल काय सांगत होती, जुनी तक्रार की आणखी काही, हे त्याला कळायला कुठलाच मार्ग नव्हता. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं कदाचित. त्याने विचारलं नाही. पाठ ताठ करून, श्वास हळू सोडत, तिचं बोलणं व्हायची वाट बघत तो बसून राहिला.